पेनाच्या दोन तुकड्यांत लाकडाची रेषा कशी जुळवायची

चौकड्याचा शर्ट शिवताना शिंप्यानं खिशाचे चौकडे अंगाच्या चौकड्यांशी जुळवले नाहीत तर बाकी शिलाई कितीही सुबक असू दे, बघणाऱ्याची नजर त्या खिशावरच जाऊन अडकते. लाकडी पेनाचं अगदी तसंच असतंय. स्लिमलाइनसारखं ट्विस्ट पेन म्हणजे दोन तुकडे, एक खालचा एक वरचा, आणि मधे धातूची रिंग. रिंगच्या अलीकडं जी रेषा आहे ती पलीकडं तशीच चालू राहिली पाहिजे, म्हणजे एकच काठी आहे आणि तिच्यावर कुणीतरी अंगठी सरकवलीय असं वाटलं पाहिजे. फिनिश आरशासारखं येतंय पण रेषा काय जुळत नाही, असं नवीन करणारे बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात बसवून घ्या, रेषा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत तासून गोल करायच्या यंत्रावर, जुळत नाही. लेथचं बटण दाबायच्या आधीच ती जुळलेली असते नाहीतर गेलेली असते. करवत, ड्रिल आणि ट्रिमर (तुकड्याचं टोक नळीबरोबर सपाट तासणारं हत्यार) या तीन ठिकाणी लाकूड किती जातंय याचा हिशोब ज्यानं ठेवला त्याचं पेन जुळतंय. बाकी हातातली सफाई वगैरे नंतरची गोष्ट.

आता लाकूड. आपल्याकडं लाकडाला तोटा नाही. बेळगावात, शहापुरात, निपाणीत जुनी घरं पाडली की चौकटी, वासे, तुळया निघतात, तो जुना सागवान पेनासाठी सोन्यासारखा, कारण पन्नास-साठ वर्षं वाळलेला असतो आणि आता फारसा आकसत-फुगत नाही. खिळे मात्र चुंबक फिरवून नीट बघा, एक खिळा पटाशीची धार घालवतो आणि हातालाही धोका. खानापूर भागातल्या सॉ मिलमधे ऐन मिळतो, कन्नडमधे मत्ती म्हणतात त्याला, त्यात काळपट पट्टे असतात आणि जुळवल्यावर ते जे दिसतात ना, बघत बसावं वाटतं. फणस, बाभूळ, जांभूळ, चिंचेचा गाभा, हे सगळं करून बघा. घ्यायचं ते वखारीतून किंवा सॉ मिलमधून, बिल घेऊन घ्या, जंगलातून फांदी उचलून आणू नका आणि चंदनाच्या तर वाटेलाच जाऊ नका. शिसवाचं पेन परदेशात पाठवायचं असेल तर आधी चौकशी करा, डालबर्जिया हा त्याचा जवळपास अख्खा वंश जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळं कागदपत्रं लागू शकतात.

ओलं लाकूड घेतलं तर बाकी सगळी मेहनत वाया. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतंय, त्या दिवसांत बाहेर पडलेलं लाकूड आणून लगेच पेनाच्या आतल्या पितळी नळीवर चिकटवलं की दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की ते आकसतंय, पितळ काय आकसत नाही, मग लाकडाला उभी चीर पडते. ठोकळ्या कापून घरात माळ्यावर ठेवा, किचनच्या वजनकाट्यावर महिन्या-महिन्यानं वजन करा, वजन उतरायचं थांबलं की घ्या.

ठोकळी कशी निवडायची हा खरा विषय आहे आणि इथंच लोक घाई करतात. नेहमीची ठोकळी साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि १२७ मिलिमीटर लांब. तयार पेन मात्र रिंगजवळ जेमतेम ८-९ मिलिमीटर जाडीचं उरतंय. म्हणजे ठोकळीवर तुम्हाला जी सुंदर नक्षी दिसते ती सगळी भुश्यात जाणार आहे, पेनावर येणार आहे ते पाच मिलिमीटर आतलं लाकूड. म्हणून एकच बाजू बघून भाळू नका. शेजारशेजारच्या दोन बाजू बघा आणि दोन्ही टोकं बघा. दोन्ही बाजूंवर रेषा ठोकळीच्या लांबीबरोबर समांतर जात असतील तर आतूनही ती सरळ आहे असं समजा. एका बाजूवर सरळ आणि शेजारच्या बाजूवर तिरकी असेल तर ती तिरकीच धरा.

सरळ रेषेचं लाकूड चुका पोटात घालतं, मधले दोन मिलिमीटर गेले तरी फरक जवळपास दिसत नाही. तिरक्या रेषेचं तसं नाही. रेषा ४५ अंशात जात असेल तर मधे जेवढं लाकूड जास्तीचं गेलं तेवढीच ती बाजूला सरकते, २ मिलिमीटर गेलं की २ मिलिमीटर सरकली. पेनाचा घेर साधारण २८ मिलिमीटर, त्यात २ मिलिमीटर म्हणजे कुणालाही दिसणार. तेच रेषा १० अंशात असेल तर २ मिलिमीटरला सरकते फक्त ०.३५ मिलिमीटर, ती डोळा सोडून देतो. म्हणून पहिली पाच-सहा पेनं सरळ रेषेच्या सागवानाची करा, मग तिरक्याकडं वळा.

आणि तिरकी रेषा चुकली तर वरचा तुकडा थोडा फिरवून जुळवता येईल असं वाटतंय, सगळ्यांना वाटतंय, मलाही वाटायचं. नाही जुळत. पेन गोल आहे, तिरका थर समोरच्या बाजूला उजवीकडं चढत असेल तर पाठीमागच्या बाजूला तो डावीकडं चढतो. समोर जुळवायला फिरवलं की पाठीमागं चूक दुप्पट होते. मी एका भाच्याला मुंजीत द्यायला ऐनाचं पेन केलं होतं, समोरून एकदम झकास, त्यानं हातात घेऊन उलटं केलं आणि मागचा पट्टा सरळ तुटलेला, ते पेन मी परत घेतलं आणि दुसरं करून दिलं. तेव्हापासून कॅलिपर हातात घेतल्याशिवाय करवत उचलत नाही.

तर मोजमाप. पेनाच्या किटमधली (नळ्या, निब, क्लिप, रिंग असा तयार सुट्या भागांचा संच) मधली रिंग काढा आणि ती दोन तुकड्यांत किती अंतर ठेवते ते कॅलिपरनं मोजा. समजा ४ मिलिमीटर निघालं. याचा अर्थ जोडाच्या ठिकाणी तुमचं एकूण ४ मिलिमीटर लाकूड जायला पाहिजे, कमी नाही आणि जास्त नाही. एवढं गेलं की रेषा रिंगच्या खालून चालत जाऊन बरोबर पलीकडं निघाल्यासारखी दिसते. लाकूड जितकं कमी वाया जाईल तितकं चांगलं असं बरेच जण समजतात, ते सरळ रेषेला चालतंय, पण तिरक्या रेषेला कमी गेलं तरी चूक आणि जास्त गेलं तरी चूकच. आमच्या ओळखीचे एक सुतार मेस्त्री सगळं सुतात मोजतात, ते म्हणतात रिंग सव्वा सूत तर लाकूड पण सव्वा सूतच खायचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे हिशोब बरोबर बसतो.

हे ४ मिलिमीटर कुठं कुठं जाणार ते आधी लिहून काढा. हॅकसॉचं पातं साधारण १ मिलिमीटर खातं, टेबल सॉचं जाड पातं ३ मिलिमीटरपर्यंत खाऊ शकतं, आपलं पातं किती खातं ते एका टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन मोजा. हॅकसॉनं १ गेलं तर उरले ३, म्हणजे जोडाकडच्या प्रत्येक टोकाचं दीड-दीड मिलिमीटर ट्रिमरनं काढायचं. टेबल सॉनं ३ गेले असतील तर प्रत्येक टोकाला फक्त अर्धा मिलिमीटर. बाकी जी जास्तीची लांबी आहे, नळ्या साधारण ५३ मिलिमीटरच्या म्हणजे दोन मिळून १०६, ठोकळी १२७ ची, तर ते जास्तीचं सगळं बाहेरच्या टोकांना ठेवा. एक टोक निबकडं, एक क्लिपकडं. तिथं किती पण गेलं तरी जुळणीला धक्का लागत नाही. नळीची लांबी मात्र तुमच्या किटमधली मोजून घ्या, प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असतेय.

कापायच्या आधी खुणा. ठोकळीच्या एका बाजूवर पेन्सिलनं लांब त्रिकोण काढा, त्याचं टोक क्लिपकडं आणि पाया निबकडं, म्हणजे मधे कापल्यावर दोन्ही तुकड्यांवर त्रिकोणाचे भाग राहतात आणि कुठला वर कुठला खाली, कुठली बाजू समोर, हे एका नजरेत कळतंय. सुतार टेबलाच्या फळ्या जोडताना हेच करतात. काप घ्यायच्या जागी गुण्या लावून चारही बाजूंनी रेघ फिरवून घ्या आणि जोडाच्या दोन्ही तोंडांवर जाड मार्करनं फुली मारा, ही फुली पुढं फार कामाला येते.

ड्रिल. इथला नियम एकच पण तो मोडू नका, भोक नेहमी फुलीच्या तोंडातून सुरू करायचं. ड्रिल बिट लाकडात शिरताना जिथं ठेवला तिथंच असतो पण खाली जाता जाता मऊ रेषेकडं ओढला जातो, ५५ मिलिमीटर खाली पोचेपर्यंत अर्धा-एक मिलिमीटर सरकलेला असू शकतो. बाहेरच्या टोकाकडून सुरू केलं तर ही चूक बरोबर जोडावर येऊन बसते, वरच्या तुकड्याचा मध्य एकीकडं आणि खालच्याचा दुसरीकडं, मग रेषा कशी जुळणार. जोडाकडून सुरू केलं तर चूक निबकडं आणि क्लिपकडं जाते, तिथं तिला विचारणारं कोण नाही. दोन्ही फुल्यांच्या तोंडावर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघा मारून मध्य काढा, पंचनं टोचा, आणि शिकंज्यात धरताना दोन्ही वेळा त्रिकोणाची बाजू एकाच जबड्याकडं ठेवा. म्हणजे जबड्यांच्या दिशेनं मध्य अर्धा मिलिमीटर चुकला तरी दोन्हीकडं सारखाच चुकतो, आणि सारखी चूक जुळणीत दिसत नाही. ७ मिलिमीटरचा बिट, धार नवी, स्पीड कमी, दर सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा. सागवानात सिलिका असते, ती बिटची धार लवकर खाते, जुना बिट लावून वर जोर दिला की तो हमखास वाकडा जातो.

नळी चिकटवताना तिच्यावर पॉलिशपेपर फिरवून चकाकी घालवा. सागवान आणि शिसव दोन्ही तेलकट, त्यामुळं भोकातून ॲसिटोनचा बोळा फिरवून वाळू द्या. अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं मिक्स केलेलं चिकटवण घ्या असं मी सांगेन, कारण ते सावकाश आवळतंय आणि तुम्हाला नळी बरोबर जागेवर आणायला वेळ मिळतो. फेव्हिक्विकनं चिकटतंय पण नळी अर्ध्यात अडकली की तिथंच अडकली. नळी फुलीच्या तोंडापासून तेवढीच आत ठेवायची जेवढं ट्रिमरनं काढायचं ठरवलंय, म्हणजे वरच्या हिशोबात दीड मिलिमीटर. ही खोली पक्की ठरवली की ट्रिमर पितळेला टेकला की आपोआप माप पूर्ण होतंय, वेगळं मोजत बसायला नको. पितळेची चमक दिसली की थांबा, पितळ खाऊ नका, नाहीतर नळीची लांबी कमी होऊन रिफिल पुढं जास्त येते.

ट्रिमर फिरला की फुली गेली. लेथवर ठोकळी गोल झाली की त्रिकोण पण गेला. म्हणून ट्रिमिंग झाल्या झाल्या, त्रिकोण अजून अंगावर असतानाच, प्रत्येक नळीच्या आत जोडाकडच्या तोंडाला, त्रिकोणाच्या बरोबर खाली, पर्मनंट मार्करनं एक छोटी रेघ मारा. पेन पूर्ण होईपर्यंत हीच तुमची साक्षीदार. सँडिंग करताना, पॉलिश करताना तुकडे दहा वेळा मँड्रेलवरून (लेथवर तुकडे ज्यावर ओवून फिरवतात तो दांडा) निघतात, एकदा उलटा बसला आणि लक्षात नाही आलं की खेळ खलास.

लेथवर दोन्ही तुकडे एकाच मँड्रेलवर, जोड समोरासमोर, मधे बुश, म्हणजे किती जाडीपर्यंत तासायचं ते दाखवणारं धातूचं कडं. बुश झिजलेला असेल तर बदला. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेकडं धातूचं टर्निंग करणारी वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत, रिंगचा बाहेरचा व्यास मोजून द्या, बुश करून देतात. जोडाच्या दोन्ही बाजूला जाडी सारखी पाहिजे हे का महत्त्वाचं, तर जाडी बदलली की वेगळा थर वर येतो, आणि थर वेगळा म्हणजे रेषा वेगळी. पेनाच्या मधे थोडं पोट ठेवायचं असेल तर ठेवा पण जोडाकडं येताना दोन्ही तुकडे सारख्याच उतारानं यायला पाहिजेत. पोट ठेवलं की तिथं रेषा नदीच्या वळणासारख्या वाकतात, ते छान दिसतंय, फक्त दोन्हीकडं सारखं करा. टोकाला लाकूड एक मिलिमीटरच्या आतच उरतंय त्यामुळं शेवटचे काप बारीक आणि धार एकदम ताजी.

सँडिंगमधे शेवटी लेथ बंद करून रेषेच्या दिशेनं हातानं लांब हात मारा, प्रत्येक नंबरच्या पेपरला. नाहीतर आडव्या ओरखड्यांच्या जाळ्यात बारीक रेषा झाकून जातात आणि जुळलेली असूनही जुळल्यासारखी दिसत नाही. शिसव किंवा ऐनात सालीकडचं पांढरं लाकूड आलं असेल तर आधी पातळ सीए ग्लूचा (फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद) एक हात द्या, मग घासा, म्हणजे गडद भुसा पांढऱ्यात शिरून ते मळकट होत नाही. मास्क लावाच, शिसवाची धूळ बऱ्याच जणांना बाधते, अंगावर पुरळ येतात. पावसाळ्यात सीएचं फिनिश पांढुरकं पडतंय, लाखेचं पॉलिश पण, म्हणून मी श्रावण संपेपर्यंत टर्निंग करून ठेवतो आणि फिनिश ऊन पडलं की.

रंगाबद्दल एक सांगायचं राहिलं. नुकताच कापलेला सागवान ठिपक्याठिपक्यांचा, कुठं हिरवट कुठं तपकिरी असा दिसतो, दोन तुकड्यांचा रंग वेगळा दिसला म्हणून घाबरू नका, चार-पाच दिवस उजेडात ठेवला की एकसारखा होतो. फणस तर पिवळाधमक असतो आणि उजेडानं हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. म्हणून दोन्ही तुकडे कायम बरोबर ठेवा, एक खिडकीत आणि एक डब्यात असं केलं तर दोन महिन्यांनी ते वेगळ्या झाडाचे वाटतील.

आता जोडणी, आणि इथं एक गोष्ट आहे जी किटच्या कागदावर बहुतेक लिहिलेली नसते. ट्विस्ट पेनात वरचा तुकडा फिरवला की रिफिल बाहेर येते, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर फिरतातच. मग रेषा एकाच स्थितीत जुळणार, एकतर रिफिल आत असताना नाहीतर बाहेर असताना. हे आधी ठरवायचं असतंय. खालच्या तुकड्यात निब दाबून बसवा, मग जोडाकडून मेकॅनिझम (रिफिल आत-बाहेर करणारा फिरकीचा भाग) शिकंज्यात लाकडी तुकडे लावून सावकाश दाबा, रिफिल घालून लांबी बघा, रिंग सरकवा. वरच्या तुकड्यात क्लिप बसवताना ती सगळ्यात साध्या बाजूवर येईल असं बघा, चांगली बाजू क्लिपखाली झाकायची नाही. मग वरचा तुकडा मेकॅनिझमवर नुसता सरकवा, तो घट्टपणावरच राहतो. ठरवलेल्या स्थितीत मेकॅनिझम फिरवा, आतल्या मार्करच्या रेघा आठवून तुकडे साधारण जागेवर आणा, मग डोळ्यानं रेषा बघून वरचा तुकडा शेवटपर्यंत दाबा. पाठीमागची बाजू पण बघा. चुकलं तर ओढून काढा आणि परत बसवा, गोंद नाही त्यामुळं बिघडत काही नाही.

फिरकीच्या टोपणाचं फाउंटन पेन असेल तर थोडं वेगळं. आटे एकेरी असतील तर टोपण प्रत्येक वेळी एकाच जागी थांबतं, तिहेरी असतील तर तीन ठिकाणी बसू शकतं आणि त्यातल्या एकाच ठिकाणी रेषा जुळते. तिथं आट्यांचा एक भाग दाबून बसवायचा, दुसरा त्याच्यावर पूर्ण आवळायचा, आणि मग रेषा जुळवून शेवटचा तुकडा त्याच्यावर दाबायचा. अशा पेनात टोपण बॅरलपेक्षा जाड असतंय म्हणून थर वेगळे येणारच, तिथं सरळ रेषेचंच लाकूड घ्या, तिरकं लाकूड घेऊन तिथं शंभर टक्के जुळणी होत नाही.

रिफिल आत असताना जुळवायचं की बाहेर, तर दुकानात किंवा बॉक्समधे पेन बंदच असतंय म्हणून बरेच जण बंद स्थितीत जुळवतात. मी बाहेर असताना जुळवतो. पेन ज्याचं आहे तो ते लिहिताना बघतो, बोटांच्या वर ती रेषा त्याच्या नजरेसमोर असते. शिवाय याचा एक उपयोग पण होतो, पेन देताना मी सांगतो, फिरवत राहा, पट्टा इकडचा तिकडं जुळला की समजा रिफिल पूर्ण बाहेर आली, त्याच्या पुढं फिरवायचं नाही.